पातेल्यापासून मोजणी: घरच्या जेवणावर वजन उतरवण्याच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजचं वजन ७४.६ किलो. उंची १५४ सेंटिमीटर, वय ४४, कंबर बेंबीच्या रेषेत ९८ सेंटिमीटर. डिसेंबरच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी, ६.२ आलं. हा आकडा ५.७ ते ६.४ मध्ये असला की मधुमेहाचा उंबरठा समजतात. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ताच नको, सहा महिने वजन उतरवून बघा. माझे वडील आणि आत्या दोघंही इन्सुलिनवर होते. वडिलांच्या पायाची जखम भरायला किती महिने लागले ते मी जवळून पाहिलंय. म्हणून हे काम हाती घेतलं.

आम्ही नाशिकला राहतो. घरात पाच माणसं: सासूबाई, आम्ही दोघं, अकरावीतला मुलगा, आठवीतली मुलगी. सकाळचा स्वयंपाक सासूबाई आणि मी मिळून करतो, संध्याकाळचा बहुतेक माझ्याकडे. नोकरी पतसंस्थेत, दहा ते सहा, खुर्चीवर. माझ्यासाठी वेगळी भाजी, वेगळी पोळी होणार नाही. पाचांच्या पातेल्यातूनच मला माझं मोजून घ्यायचंय. बहुतेक घरांत हीच परिस्थिती असते, म्हणून तारखेवार लिहून ठेवतेय. दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

खर्च: स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, ५ किलोपर्यंतचा, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा, ५५० रुपये. मोजमापाचे चमचे १२० रुपये. माणसांचा काटा घरात होताच. एक दोनशे पानी वही.

बसून काम आणि हे वजन धरलं तर मला दिवसाला साधारण १८०० कॅलरी लागतात. ठरवलंय १४००. बाराशेचा आकडा सगळीकडे ऐकू येतो, पण त्यात डाळ, दूध, भाजी पुरेशी बसवून सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहणं कठीण आहे, आणि मला हे वर्षभर करायचंय.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. औषध तेवढंच राहिलं आणि जेवण घटलं तर साखर एकदम खाली जाते, आणि ते जिवावर बेतू शकतं.

१० जानेवारी, शुक्रवार

मोबाइलमधलं ॲप बाजूला ठेवलं. त्यात ‘एक वाटी आमटी’ असं निवडायचं असतं. आमच्या मांडणीत तीन मापांच्या वाट्या आहेत. काठोकाठ पाणी भरून मोजलं तर एक १२० मिलिलिटरची, एक १६० ची, एक २१० ची. शिवाय आमटी कुणाकडची? एका घरची आमटी म्हणजे डाळीचं पाणी, दुसरीकडे चमचा उभा राहतो.

मग पद्धत उलटी केली. ताटाऐवजी पातेलं मोजायचं.

आधी सगळ्या रोजच्या भांड्यांची रिकामी वजनं घेतली आणि कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. आमटीचं पातेलं ४१२ ग्रॅम, कुकरमधलं भाताचं भांडं २८५, लोखंडी कढई १८६०. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते एकदाच करावं लागतं.

आजची आमटी अशी मांडली. तूरडाळ १५० ग्रॅम, म्हणजे ४९५ कॅलरी. फोडणीचं तेल २० ग्रॅम, १८०. गूळ १५ ग्रॅम, ५३. सुकं खोबरं १० ग्रॅम, ६२. एकूण ७९०. कोथिंबीर, चिंच, मसाला यांचं काही धरलं नाही. झालेली आमटी पातेल्यासकट १६१२ ग्रॅम भरली, म्हणजे निव्वळ १२०० ग्रॅम. सातशेनव्वदला बाराशेने भागलं की ग्रॅममागे ०.६६ येतात. माझी वाटी काट्यावर ठेवून वाढली, १८० ग्रॅम. कॅलरी ११९. आमटी पातळ करा नाहीतर घट्ट, हिशेब चुकत नाही, कारण पाणी वजनात येतं आणि कॅलरीत येत नाही.

भाताचंही तसंच. आमच्या कोलमचे १०० ग्रॅम कच्चे तांदूळ शिजून २८० ते ३०० ग्रॅम होतात. कच्च्याचा आकडा शिजलेल्याला लावला की हिशेब तिप्पट होतो, आणि उलट केलं की तिसऱ्या हिश्श्यावर येतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सगळ्यात आधी हे पक्कं करावं. आम्ही सगळं कच्चं मोजतो आणि मग पातेल्याच्या वजनाने भागतो.

कच्च्या मालाचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांमधून घेतलेत. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे, ४.१८ ने भागावं लागतं. शंभर ग्रॅममागे मला लागणारे आकडे, गोळाबेरीज करून: कणीक ३२०, ज्वारी ३३५, तांदूळ ३५५, तूरडाळ ३३०, शेंगदाणे ५२०, सुकं खोबरं ६२०, तेल आणि तूप ९००. पिठाच्या पाकिटावर याहून थोडे जास्त आकडे असतात. दोन्हींतलं एक धरायचं आणि बदलायचं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

गुळाची पोळी वरच्या तुपासकट पावणेतीनशेच्या आसपास जाते. दोन खाल्ल्या, संध्याकाळी भात घेतला नाही, वहीत लिहिलं.

अवघड भाग पुढेच आहे. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालणार. प्रत्येक घरी तिळाचा लाडू, वेफर्स, मसाला दूध. नाही म्हणणं बरं दिसत नाही आणि मला म्हणायचंही नाही. पर्समध्ये छोटी डबी ठेवली आहे. लाडू हातात घ्यायचा, “घरी मुलांना आवडतो” म्हणून डबीत घालायचा. कुणालाही वावगं वाटलं नाही. दूध मात्र तिथेच प्यावं लागतं, ते शंभर-सव्वाशे धरते.

९ फेब्रुवारी, रविवार

वजन ७३.२. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ७३.१ होतं. म्हणजे सुरुवातीचा दीड किलो झपाट्याने गेला आणि त्यानंतर काटा हललेला नाही. पहिला दीड किलो बराचसा पाण्याचा असतो. भात, साखर, मीठ एकदम घटलं की शरीर ते पाणी सोडतं, त्यावर फार विसंबू नये.

रोज सकाळी, पाणी पिण्याआधी, त्याच कपड्यांत काटा बघते आणि रविवारी सात आकड्यांची सरासरी लिहिते. बायकांसाठी एक सांगणं: पाळीच्या आधीच्या आठवड्यात माझं वजन किलोभर वर जातं आणि नंतर आपोआप उतरतं. त्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करायची. शेजारच्या आठवड्याशी केली तर उगाच जीव खालीवर होतो.

पण आत्ताचं अडकणं त्यामुळे नाही. वही रोज १४०० च्या आत दाखवतेय. तसं खरंच असतं तर या तीन आठवड्यांत किलोभर तरी उतरायला हवं होतं. वहीत न येणारं काहीतरी पोटात जातंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं, निदान अर्धं तरी.

महिन्याचा किराणा भरताना लक्षात आलं की तेलाचा डबा संपला आहे. पाच लिटरचा डबा १५ जानेवारीला फोडला होता, तारीख झाकणावर लिहायची सासूबाईंची सवय आहे. १२ तारखेला तो रिकामा झाला. लिटरभर तेल ९१० ग्रॅम भरतं, पिशवीवर छापलेलंच असतं. पाच लिटरचं ४५५० ग्रॅम. अठ्ठावीस दिवस, पाच माणसं. माणशी दिवसाला ३२ ग्रॅम.

माझ्या वहीत माझ्या वाट्याचं तेल सरासरी १४ ग्रॅम आहे. मधले १८ ग्रॅम म्हणजे १६० कॅलरी रोज, आणि यात तूप, दाणे, खोबरं धरलेलंच नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात दोन हजार कॅलरीच्या ताटाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅमच्या आसपास दिलंय. आमच्या घरात नुसतं तेलच त्याच्या पुढे गेलं.

मग एक दिवस सकाळपासून काटा ओट्यावर मांडून तेलाचं भांडं प्रत्येक वापराआधी आणि नंतर तोललं. फोडण्या वहीप्रमाणेच निघाल्या. फरक होता पोळ्यांमध्ये. अर्धा किलो कणकेच्या सोळा पोळ्या होतात. एका पोळीला ३१ ग्रॅम कणीक, बरोबर १०० कॅलरी, आणि वहीत मी तेवढंच लिहीत होते. पण कणीक मळताना तेलाचं मोहन, घडी घालताना आत बोट फिरवायचं, तव्यावर वरून चमचा फिरवायचा. सगळं मिळून ६० ग्रॅम तेल. पोळीमागे पावणेचार ग्रॅम, ३४ कॅलरी. दिवसाला पाच पोळ्या म्हणजे १७० कॅलरी रोज वहीबाहेर.

जिला हा प्रयोग करायचाय तिने वहीच्या आधी किराणा यादी काढावी. तेल, तूप, साखर, शेंगदाणे, खोबरं या पाच वस्तू महिन्याला किती येतात ते बघायचं, दिवसांनी आणि माणसांनी भागायचं. दहा मिनिटांत कळतं की कॅलरी कुठून येतात. आमच्याकडे साखर महिन्याला ५ किलो, म्हणजे माणशी ३३ ग्रॅम रोज. शेंगदाणे दोन किलो, तेरा ग्रॅम. वहीत राहून जातं, वाण्याच्या बिलात राहत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

उपाय काय करायचा यावर काल रात्री सासूबाईंशी बोलले. प्रत्येक फोडणी मोजायला सांगितली असती तर त्यांना ते अविश्वासाचं वाटलं असतं, आणि सकाळच्या घाईत ते होणारही नाही. म्हणून दिवसाचं तेल सकाळीच एका छोट्या स्टीलच्या भांड्यात काढायचं ठरलं. पाच जणांना १०० ग्रॅम. स्वयंपाक कुणीही करो, दिवसभर त्यातूनच घ्यायचं. फोडणी किती, पोळीला किती, ते करणारीने बघायचं.

“आणि संध्याकाळी संपलं तर?” त्यांनी विचारलं.

“तर रात्री भाकरी, आई. भाकरीला तेल लागत नाही.”

“भाकरी मी थापीन,” त्या म्हणाल्या, “तुझ्या भाकरीला चिरा पडतात.”

ठरलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. आज खिचडी काट्यावर घेतली. एका ताटलीत कोरडा साबुदाणा ८० ग्रॅम, कूट ३०, तूप १२, बटाटा ५० ग्रॅम. एकूण ५८० कॅलरी, आणि त्यात प्रथिनं जेमतेम कुटातली. दोन तासांत पुन्हा भूक.

संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी केली. कोरडी भगर ५० ग्रॅम शिजून ताटली भरते. आमटीला माझ्या वाट्याचं कूट २० ग्रॅम, तूप एक छोटा चमचा. साडेतीनशेच्या आत बसलं आणि पोट रात्रीपर्यंत शांत राहिलं. यापुढे उपासाला साबुदाणा वर्षातून एक-दोनदा, आवड म्हणून. पोट भरायला भगर.

९ मार्च, रविवार

वजन ७२.३. तेलाच्या भांड्याने काम केलं.

सुरुवातीला भाज्या चिकटल्या, कोरड्या झाल्या, मुलाने ताट बाजूला सारलं. त्यातून जे शिकलो ते लिहिते. वांगं आणि बटाटा तेल पितात, त्यांना परतायचं नाही. फोडणीत घालून लगेच झाकण, झाकणात पाणी. वाफेचं पाणी आत ठिबकत राहतं आणि भाजी स्वतःच्या रसात शिजते. ते झाकणातलं गरम पाणीच गरज पडली तर भाजीत घालायचं. भरली वांगी कुकरला एका शिट्टीत होतात, पाच माणसांना २५ ग्रॅम तेलात. ज्या भाजीत कूट आहे तिची फोडणी निम्मी करायची, कारण कूट उकळलं की त्याचं तेल आपोआप वर येतं आणि तवंग दिसतोच. सासूबाईंना तवंग नसलेली भाजी आजाऱ्याची वाटते, तो प्रश्नही यातून सुटला.

एक अजून सुटलेलं नाही: पाच वाजताची भूक. ऑफिसात चहाबरोबर फरसाण येतं आणि मूठभर घेतलं तरी दीडशे कॅलरी. चार दिवस नुसतं ताक पिऊन काढले, तर घरी येऊन उभ्या उभ्या दोन पोळ्या गुळाशी खाल्ल्या. ताकाने तहान भागते, भूक जात नाही.

२३ मार्च, रविवार

वजन ७१.४.

पाचच्या भुकेचं मूळ दुपारच्या डब्यात निघालं. डब्यात तीन पोळ्या, भाजी, थोडा भात. डाळ सांडते म्हणून नेतच नव्हते. आता दोन पोळ्या आणि भाजीबरोबर मोठी वाटी घट्ट उसळ. मटकी, मूग, चवळी, हरभरा आलटून पालटून, मोड आणून. कच्चं कडधान्य माझ्या वाट्याला ५० ग्रॅम, १६०-१७० कॅलरी. पाचला ३० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू किंवा काकडी. फुटाण्यांची मोठी बरणी घरीच ठेवली आहे, रोजचा वाटा सकाळी छोट्या डबीत नेते. मोठ्या बरणीतून मोजून खाणं कुणाला जमत असेल असं मला वाटत नाही.

चहा चारवरून दोनवर आणला. आधीचा कप म्हैशीच्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा, शंभरच्या पुढे जायचा. साखर एकदम तोडली नाही, दर आठवड्याला पाव चमचा कमी केली. आता एका चमच्यावर आहे आणि पूर्वीचा चहा तोंडात घेववत नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

श्रीखंड-पुरी. मोजलं नाही, संध्याकाळी जेवले नाही. नंतरची भर: दुसऱ्या दिवशी काटा ७०० ग्रॅम वर, गुरुवारपर्यंत परत जागेवर.

१२ एप्रिल, शनिवार

पुन्हा सावकाश झालंय. १५ फेब्रुवारीला ‘अर्धं’ लिहिलं होतं, त्यातला उरलेला अर्धा आता सापडला.

घरात सगळ्यांच्या नंतर मी जेवते. जेवण झाल्यावर पातेल्यात दोन डाव आमटी, कढईत भाजीचा तळ, मुलीच्या ताटातली अर्धी पोळी. झाकून ठेवण्याइतकं ते नसतं आणि टाकवत नाही. ते माझ्या पोटात जातं. ताटातलं वहीत लिहून झालेलं असतं, हे त्यानंतरचं.

या आठवड्यात ते सगळं खाण्याऐवजी एका डब्यात काढलं आणि रोज तोललं. कधी १५० कॅलरी, कधी अडीचशेच्या वर. शिवाय मीठ-तिखट बघण्यासाठी घेतलेले घास. तेलाखालोखाल हीच सर्वात मोठी गळती होती, आणि ती कुठल्याही तक्त्यात नसते, कारण तिला कुणी जेवण म्हणत नाही. आपल्या बहुतेक घरांत हे बाईच्याच वाट्याला येतं. मला यावर मनापासून सांगायचंय: अन्न वाया जाऊ नये हे खरं, पण ते वाचवायची जागा तांदूळ मोजताना आहे. शिजल्यावर एका माणसाच्या पोटात भरून ते वाचत नाही.

बदल केले ते असे. तांदळाचं माप अडीच वाट्यांवरून दोनवर आणलं. भात कमी पडला तर पोळी-भाजीवर भागवायचं. फ्रिजमध्ये एक ‘उद्याचा डबा’ ठेवला, उरलेली आमटी, भाजी त्यात जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थालीपिठाच्या पिठात मिसळते. आणि जेवायला आता सगळे एकत्र बसतो, मीही. हे सांगायला छोटं आहे, पण घरात रुजायला वेळ लागतो. यजमान आणि मुलगा आता स्वतः उठून वाढून घेतात.

२० एप्रिल, रविवार

वजन ७०.२, पण आजची नोंद वेगळी आहे.

काल लेकीने जेवताना विचारलं, “आई, या पोळीत किती कॅलरी? मी एकच घेऊ का?” ती तेराची आहे, वाढत्या अंगाची, सायकलवर शाळेत जाते. माझ्या पोटात धस्स झालं. वही फ्रिजवर उघडी असायची, काट्याभोवतीचं सगळं बोलणं तिच्या कानावर जात होतं.

वही कपाटात गेली. ताटावर बसल्यावर आकडे बोलायचे नाहीत हा घरचा नियम केला. माझी वाटी मी ओट्यावरच तोलून आणते. तिला सांगितलं की आईच्या रक्तात साखर वाढलीये, म्हणून हे औषधासारखं चाललंय, तुला त्याची गरज नाही. आज तिने तीन पोळ्या खाल्ल्या. घरात वाढत्या वयाची मुलं असतील तर हे पहिल्या दिवसापासून सांभाळा.

२५ मे, रविवार

वजन ७१.१. एप्रिलअखेर ७०.० होतं. लग्नसराई, माहेरी मुक्काम, आंबे.

माहेरी काटा नेला नव्हता आणि नेणारही नाही. आईने रोज आमरस काढला, मी रोज दोन वाट्या घेतला, तिच्या हातचा तो अजून किती वर्षं मिळणार? गणित नंतर मांडून पाहिलं. नुसता रस वाटीला सव्वाशे-दीडशे. साखर, तूप आणि सोबतच्या पुऱ्या यांनी तो आकडा तिप्पट होतो. पुढच्या वर्षी रस तोच, पुरीऐवजी पोळी.

लग्नाच्या पंगतीत एक उपयोगी पडलं. आधी मठ्ठा, कोशिंबीर आणि वरण-भात, मग जिलेबी किंवा मसालेभात यातलं एकच. दोन्ही वाढून घेतले की दोन्ही संपवले जातात.

२९ जून, रविवार

वजन ६९.१, कंबर ९३. मे महिन्यातलं भरून निघायला जूनचा अर्धा महिना गेला.

एचबीए१सी ५.८ आलं. हा आकडा मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे महिन्या-महिन्याला करून उपयोग नसतो, पैसे जातात. डॉक्टरांनी गोळीचा विषय काढला नाही. रिपोर्ट सासूबाईंच्या हातात दिला, त्यांनी तो देवापुढे ठेवला.

फेब्रुवारीपासून संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चाळीस मिनिटं चालते. त्याचे दीडशेच्या आसपास कॅलरी होतात, पण मी ते वहीत वजा करत नाही. मार्चमध्ये करत होते, तेव्हा चालून आल्यावर तेवढंच जास्त खाल्लं जायचं. चालण्याचा फायदा झोपेला आणि गुडघ्यांना झाला, जिने चढताना आता कठड्याला हात लागत नाही.

तेलाचा डबा आता दीड महिना पुरतो. डबा साडेसातशेच्या घरात मिळतो, तेव्हा महिन्याला अडीचशे रुपये तिथेच वाचतात. काट्याचे पैसे केव्हाच निघाले. साखर महिन्याला तीन किलोवर आली.

६ जुलै, रविवार, आषाढी

सगळ्यांना भगर. सासूबाईंनी स्वतःहून केली. मुलांसाठी बटाट्याची भाजी आणि राजगिऱ्याच्या पुऱ्या, त्यातली एक मी खाल्ली.

२४ ऑगस्ट, रविवार

वजन ६६.९, कंबर ९०. आठवड्याला पावशेर ते तीनशे ग्रॅम असा वेग पडला. कुणी महिन्यात दहा किलोची जाहिरात बघून विचारतं, त्यांना मी वही दाखवते.

वजन घटलं तसं शरीराचं लागणंही घटलं. जानेवारीत १८०० लागत होत्या, आता १७०० च्या जवळ असतील. म्हणून तेच १४०० खाऊन वेग मंदावला आहे. आकडा आणखी खाली न्यायचा नाही असं ठरवलंय. हळू उतरू दे. रोज सगळं तोलणंही जुलैपासून थांबवलंय. पोळी, भात, आमटीचे आकडे हाताला बसले आहेत. आता रोजच्या रोज फक्त तेलाचं भांडं आणि रविवारची सरासरी. महिन्यातून एक आठवडा पुन्हा सगळं काट्यावर, कारण वाटी नकळत मोठी होत जाते. जुलैअखेर तोललं तेव्हा माझी १८० ग्रॅमची आमटी २३० ची झाली होती.

रविवारची मिसळ महिन्यातून एकदा चालू आहे. बाहेर तोलता येत नाही, मी सातशे धरते, दुसरी तर्री घेत नाही, दोन पावांवर थांबते.

बुधवारी गणपती. घरचे मोदक एकवीस. काल सासूबाईंबरोबर एका मोदकाचं माप काढलं: तांदळाची पिठी २० ग्रॅम, ओलं खोबरं १५, गूळ १०. एकशे साठ-सत्तर कॅलरी, वरून तुपाचा छोटा चमचा घेतला की दोनशेच्या थोडं पुढे. मी तीन खाणार आहे, तुपासकट, आणि त्या दुपारी दुसरं काही लागणार नाही. दहा दिवसांच्या तळणासाठी तेलाचं वेगळं अर्ध्या लिटरचं भांडं काढून त्यावर तारीख लिहिली आहे. उरेल ते विसर्जनानंतर तोलून इथे लिहीन, म्हणजे तळणात खरोखर किती तेल गेलं तो आकडा दिवाळीच्या चकल्यांना वापरता येईल.